ड्रमर गेल्यावर बँडचं काय होतं?



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि पलटणींचा इतिहास पाहतो. आजचा विषय वेगळा आहे. एखाद्या रॉक बँडचा जुना ड्रमर गेला, तर तो बँड पुढे चालू शकतो का? फौजेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस हे काय घेऊन बसला, असं काहींना वाटेल. पण हा प्रश्न मला मार्च महिन्यात समोर बसवून विचारला गेला. मी त्याचं घाईघाईने उत्तर दिलं आणि ते उत्तर चुकलं. चूक कळल्यावर मी इतिहास चाळला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रसंग बालीगंजचा. दक्षिण कोलकात्यातला हा भाग. गडियाहाटचा बाजार, ट्रामचे रूळ, मॅडॉक्स स्क्वेअरची दुर्गापूजा आणि तिथे रात्रभर चालणारा अड्डा. १९९४ ते १९९७ या काळात माझी नेमणूक कोलकात्यात होती आणि आमचं क्वार्टर बालीगंज मैदान कॅम्पमध्ये होतं. गणपतीला आम्ही हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात जायचो आणि पूजेला मॅडॉक्स स्क्वेअरला. माझा मुलगा तिथल्या पोरांत खेळून बंगाली शिकला. पुढे नोकरीच्या निमित्ताने तो पुन्हा कोलकात्यालाच गेला, लग्नही तिथेच झालं, आणि आता बालीगंजमध्येच भाड्याच्या घरात राहतो.

त्याचा एक बँड आहे. चौघंजण, सगळे नोकरदार, चाळिशीच्या आसपासचे. मुलगा गिटार वाजवतो. सतरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी ते ड्रमरच्या घरी, तळमजल्यावरच्या खोलीत सराव करत आले. वरच्या मजल्यावर ड्रमरची आई राहते, तिला सगळे माशीमा म्हणतात. या जानेवारीत ड्रमर रात्री झोपेतच गेला. वय बेचाळीस. हृदयविकार.

मी मार्चमध्ये मुलाकडे गेलो तेव्हा ते तिघं त्याच खोलीत बसले होते. कोपऱ्यात ड्रम्सवर चादर घातलेली. पाड्यातल्या क्लबने पोइला बोइशाखला, म्हणजे बंगाली नववर्षाला, कार्यक्रम मागितला होता. गायक म्हणत होता, करू या. बेस गिटार वाजवणारा म्हणत होता, नाही. माझा मुलगा मध्ये अडकलेला. त्यांनी मला विचारलं, "काकू, आप क्या बोलते हैं?" बंगालीत काकाला काकू म्हणतात. तीस वर्षं झाली, तरी माझ्या मराठी कानाला त्याची सवय झालेली नाही.

मी फौजी उत्तर दिलं. म्हटलं, पलटणीत माणूस जातो, पण पोस्ट रिकामी राहत नाही. रात्री कोणी पडला तर पहाटे त्याच्या जागी दुसरा उभा असतो. तुम्हीही चांगला ड्रमर बघा आणि कामाला लागा.

बेसवाला थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काकू, वो पोस्ट नहीं था."

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावर मला आमच्या पलटणीतलीच एक जुनी गोष्ट आठवली, जी मी त्या मुलांना सांगायला हवी होती. परेडमध्ये तुम्ही बँड पाहिला असेल. संचलनाची चाल मिनिटाला १२० पावलांची असते, आणि बेस ड्रमच्या ठोक्यावर डावा पाय पडतो. एकदा एका मोठ्या परेडच्या आधी आमचा बेस ड्रमवाला जवान तापाने पडला. बदली जवान उत्तम होता, घड्याळ लावून बघितलं तर पक्का १२० वर. तरी तालीम बिघडली. वळणावर शेवटची रांग दर वेळी विस्कटायची. शेवटी सुभेदार मेजरसाहेबांच्या लक्षात आलं. आमचा जुना माणूस वळण आलं की ठोका किंचित जड टाकायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि आम्हालाही ते माहीत नव्हतं. पण तीनशे पाय त्या जड ठोक्यावर टेकून वळत होते. बदली जवानाचं काहीच चुकत नव्हतं. चुकत होतो आम्ही, कारण आम्ही जुन्याला पाठ करून बसलो होतो.

रॉक बँडमध्ये ड्रमरचं काम नेमकं हेच असतं. उजव्या पायाखाली मोठा ड्रम, डाव्या पायाखाली हाय-हॅटच्या जोडझांजा, हातात काठ्या. मोठ्या ड्रमचा ठोका आणि बेस गिटारचा सूर एकत्र पडले की गाण्याला जमीन मिळते. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर ड्रमवर फटका बसतो, त्यावर ऐकणाऱ्याची मान डोलते. कागदावर हे कोणीही लिहून काढेल. पण तो फटका केसभर आधी पडतो की केसभर नंतर, हे ज्याच्या त्याच्या हातावर असतं. गायक, गिटारवाला आणि सर्वांत जास्त बेसवाला त्या केसभरावर वर्षानुवर्षं टेकलेले असतात. म्हणून बेसवाल्याने नाही म्हटलं. बँडमध्ये बेस आणि ड्रम ही जोडी असते. त्याचा जोडीदार गेला होता.

आता इतिहासाकडे वळू. हा प्रसंग मोठमोठ्या बँडवर आला आणि प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं.

पहिलं उत्तर थांबण्याचं. लेड झेपलिन हा इंग्लंडचा बँड १९६८ मध्ये उभा राहिला. शेवटपर्यंत तेच चौघं. ड्रमर जॉन बॉनहॅम २५ सप्टेंबर १९८० रोजी गेला. वय ३२. तेव्हा जगात त्यांच्याइतके मोठे बँड मोजकेच होते, अमेरिकेचा दौरा तोंडावर होता. ४ डिसेंबर १९८० रोजी उरलेल्या तिघांनी छोटंसं निवेदन काढलं. आम्ही होतो तसे पुढे जाऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथे बँड संपला. पुढे २००७ मध्ये १० डिसेंबरला लंडनला एक मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा ड्रम्सवर बॉनहॅमचा मुलगा जेसन बसला. सगळ्यांना वाटलं, आता दौरा होणार. झाला नाही.

या बँडचा मुंबईशी एक धागा आहे. १९७२ मध्ये त्यांचे दोघे, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट, मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातलं एक 'फोर स्टिक्स'. हे नाव पडलं कारण बॉनहॅमने मूळ गाण्यात दोनऐवजी चार काठ्या हातात धरून वाजवलं होतं. मुंबईत बॉनहॅम नव्हता, तिथे तबला वाजला. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. म्हणजे बॉनहॅमशिवाय त्यांचं गाणं वाजूच शकत नाही असं नव्हतं. पण प्रयोग म्हणून एक दिवस वाजवणं वेगळं, आणि त्याच्या खुर्चीवर दुसरा बसवून तेच नाव लावणं वेगळं. हा फरक त्यांना कळला होता.

दुसरं उत्तर दि हू या बँडचं. त्यांचा ड्रमर कीथ मून ७ सप्टेंबर १९७८ रोजी गेला. वय त्याचंही ३२. मून म्हणजे वादळ. तो ताल धरण्यापेक्षा गाण्यावर तुटून पडायचा, आणि बाकीचे त्याच्याभोवती वाजवायचे. या बँडने चालू राहायचं ठरवलं आणि केनी जोन्स या अनुभवी ड्रमरला घेतलं. जोन्स सरळ, नेटका वाजवणारा. १९८१ आणि १९८२ मध्ये दोन अल्बम आले. पण गायक रॉजर डॉल्ट्रीला हा ड्रमर आपल्या बँडला जुळत नाही असं वाटत राहिलं, आणि ते त्याने लपवलंही नाही. १९८२ मध्ये निरोपाचा दौरा झाला. मला यात आमची परेडची तालीम दिसते. जोन्सचं वाजवणं चुकत नव्हतं. बाकीच्यांचे पाय जुन्या ठोक्याची वाट पाहत होते.

याच बँडला पुढे १९९६ मध्ये झॅक स्टार्की मिळाला. हा बीटल्सच्या रिंगो स्टारचा मुलगा. लहानपणी याला ड्रम्सचा संच भेट दिला होता तो कीथ मूनने. तो मूनचं वादळ ऐकत वाढला, पण वाजवायचा स्वतःसारखं. २०२५ पर्यंत तो या बँडबरोबर होता, म्हणजे मूनपेक्षा कितीतरी जास्त वर्षं. योग्य माणूस मिळायला मधली अठरा वर्षं गेली, हेही विसरू नका.

तिसरं उत्तर रोलिंग स्टोन्सचं. चार्ली वॉट्स १९६३ च्या जानेवारीत आला आणि २४ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी गेला. अठ्ठावन्न वर्षं एकच ड्रमर. त्याची एक खासियत होती. स्नेअरवर फटका मारताना तो हाय-हॅटवरचा हात उचलून घ्यायचा, त्यामुळे तो फटका मोकळा ऐकू यायचा. बहुतेक ड्रमर असं करत नाहीत. तो गेला आणि सप्टेंबरच्या अखेरीस दौरा सुरूही झाला. लोकांनी नावं ठेवली. पण त्या दौऱ्याला आपण येऊ शकणार नाही हे ऑगस्टच्या सुरुवातीला आजारी वॉट्सनेच कळवलं होतं, आणि बदली म्हणून स्टीव्ह जॉर्डन ठरला तो वॉट्स हयात असताना. जॉर्डन कीथ रिचर्ड्सबरोबर १९८० च्या दशकापासून वाजवत होता. घरातलाच माणूस. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात दौरा सुरू झाला तेव्हा आधी रिकामा मंच, पडद्यावर वॉट्सची चित्रं आणि ड्रमचा आवाज, आणि मग बँड आला. २०२३ च्या अल्बममध्ये वॉट्सने आधी वाजवून ठेवलेली दोन गाणी आहेत, बाकी गाण्यांत दुसरे हात आहेत. फौजेत याला आम्ही रीतसर चार्ज देणं म्हणतो. जाणाऱ्याने चावी स्वतःच्या हाताने दिली, की घेणाऱ्याला चोरी केल्यासारखं वाटत नाही.

पण आमच्या बालीगंजच्या ड्रमरने चार्ज दिला नव्हता. तो शनिवारी सराव करून वर जेवायला गेला आणि मंगळवारी गेला.

चौथं उत्तर वाट पाहण्याचं. कॅनडाचा रश हा तिघांचा बँड. ड्रमर नील पर्ट १९७४ मध्ये आला. बहुतेक गाण्यांचे शब्दही त्याचेच. १ ऑगस्ट २०१५ ला शेवटचा कार्यक्रम झाला आणि ७ जानेवारी २०२० ला तो गेला. उरलेले दोघं पाच वर्षांहून जास्त काळ त्या नावाने दौऱ्यावर गेले नाहीत. मग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी २०२६ साठी दौरा जाहीर केला. ड्रम्सवर अनिका निलेस, जर्मनीची बाई. पर्टसारखा दिसणारा, वाजवणारा कोणी त्यांनी शोधला नाही. वेगळ्या देशाची, वेगळ्या पिढीची, स्वतःची शैली असलेली वादक घेतली.

आणि एक पाचवी गोष्ट, जी प्रत्येक फौजी माणसाला आवडेल. डेफ लेपर्ड या बँडचा ड्रमर रिक ॲलन याचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४ च्या मोटार अपघातात गेला. वय २१. बँडने दुसरा ड्रमर कायमचा घेतला नाही. वाट पाहिली. डाव्या हाताचं काम डाव्या पायाने करता यावं म्हणून इलेक्ट्रॉनिक ड्रम्सचा खास संच बनवला. १९८६ मध्ये तो मोठ्या मंचावर परत आला, १९८७ चा त्यांचा अल्बम जगभर गाजला. १९७१ च्या युद्धात पाय गमावूनही पुढे पायदळाच्या बटालियनचं नेतृत्व करणारे मेजर जनरल इयन कार्डोझो आपल्याला माहीत आहेत. माणूस परत येणार असेल, तर जागा राखून ठेवायची असते. ती सोपी बाजू. तो परत येणारच नसेल, तेव्हा काय करायचं, हा खरा प्रश्न.

आता आपल्या देशात येऊ. मला सर्वांत जास्त शिकवलं ते दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने. १९९० मध्ये सुष्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी तो सुरू केला. अशीमदा मांडी घालून तबला आणि इतर तालवाद्यं वाजवायचे आणि त्याच वेळी गायचेही. बरोबर अमित किलम ड्रम्सवर आणि राहुल राम बेसवर. 'कंदिसा' आणि 'झीनी' हे त्यांचे अल्बम तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असतील, 'ब्लॅक फ्रायडे' चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. २५ डिसेंबर २००९ ला अशीमदा गेले. ताल आणि गळा, दोन्ही एकाच माणसाबरोबर गेले.

त्या बँडने काय केलं बघा. अशीमदांसारखा, गाणारा आणि तबला वाजवणारा एकच माणूस त्यांनी शोधला नाही. दोन माणसं आली. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशू जोशी. दोघांपैकी कोणावरही 'तू अशीम हो' असं ओझं नव्हतं, कारण एक माणूस अशीम होऊच शकत नव्हता हे बँडने आधीच मान्य केलं होतं. २०१० मध्ये अशीमदांचा आवाज असलेली गाणी त्यांनी दर महिन्याला एक अशी लोकांना फुकट दिली. त्या अल्बमचं नाव '१६/३३० खजूर रोड', म्हणजे करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात त्यांचा वर्षानुवर्षं सराव चालला, त्याचा पत्ता. जुन्याची अशी रीतसर पाठवणी केली आणि मग नवं काम केलं. पुढे २०१३ मध्ये सुष्मित सेनही बाहेर पडले. बँड आजही वाजवतो आहे.

मुंबईचं उदाहरण इंडस क्रीडचं. १९८० च्या दशकात रॉक मशीन नावाने सुरू झालेला, १९९७ मध्ये थांबलेला बँड. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले, तेव्हा बेसवर रशद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नवे तरुण आले. बेस आणि ड्रम ही जोडीच नवी घेतली. आणि नुसती जुनी गाणी न वाजवता २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नवा अल्बम केला. ते वाचताना मला बालीगंजचा बेसवाला आठवला. जोडी एकदम बदलली की कोणालाच जुन्या पायाची वाट पाहावी लागत नाही. पण त्याला हे सांगायचं कसं?

कोलकात्याचा स्वतःचा इतिहासही याच प्रश्नाने भरलेला आहे. १९७० च्या दशकात तिथे हाय नावाचा इंग्रजी गाणी करणारा बँड होता. त्याचा गाणी रचणारा दिलीप बालकृष्णन १९९० मध्ये गेला आणि ते पर्व संपलं. ड्रमर नंदन बागची मात्र इतर बँडबरोबर वाजवत राहिले. ताल राहिला, गाणी गेली, आणि बँड उरला नाही. याच्या उलट कॅक्टस. १९९२ मध्ये सुरू झालेला हा बंगाली बँड. त्यात गायक गेले, परत आले, वादक बदलले, पण संस्थापक ड्रमर बाजी टिकून राहिला. तिथे ड्रमरच खांब.

आणि मोहीनेर घोडागुली. बंगाली रॉकची सुरुवात जिथून मोजतात तो १९७५ चा बँड, गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांचा. नाव घेतलं जीवनानंद दास यांच्या कवितेतून. हे कवी १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये बालीगंजच्याच वाटेवर, रासबिहारी अॅव्हेन्यूवर देशप्रिय पार्कजवळ ट्रामखाली सापडले आणि आठ दिवसांनी गेले. माझ्या मुलाच्या घरापासून तो रस्ता लांब नाही. या बँडचे १९७७ ते १९७९ या काळात तीन छोटे अल्बम आले, फारसे खपले नाहीत, आणि १९८१ च्या सुमारास मंडळी पांगली. मग १९९५ मध्ये, मी तिथे असताना, कोलकात्याच्या पुस्तक जत्रेत त्यांच्या नावाने एक कॅसेट आली. कॅम्पच्या बाहेर चहाच्या दुकानात ती सतत वाजायची. माझा समज होता की जुना बँड परत आला. प्रत्यक्षात गौतमबाबूंनी त्यात नव्या पोरापोरींना गायला-वाजवायला लावलं होतं. असे चार अल्बम त्यांनी काढले. २० जून १९९९ ला ते गेले. २००६ च्या 'गँगस्टर' चित्रपटातलं जे हिंदी गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, 'भीगी भीगी', ते त्यांच्याच बंगाली गाण्यावरून घेतलेलं. मूळ मंडळी मंचावर नसताना त्यांची गाणी जास्त लोकांपर्यंत पोचली, कारण हयात असतानाच त्यांनी ती दुसऱ्यांच्या हातात दिली होती.

हे सगळं वाचल्यावर मला माझ्या उत्तरातली चूक दिसली. पलटणीतली पोस्ट भरते हे खरं, पण पलटण हे आधीच धरून चालते की कोणीही जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक कामाची दोन माणसं तयार असतात, बदली होतात, चार्ज दिला-घेतला जातो. आपल्याकडे हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहाऱ्यांची यादी आधीच लावलेली असते. चौघा मित्रांच्या बँडमध्ये अशी यादी नसते. तिथे जागा आणि माणूस एकच होऊन बसतात. म्हणून माणूस गेला की उरलेल्यांनी दोन गोष्टी सुट्या करायच्या असतात: काय त्याच्याबरोबर गेलं, आणि काय आपल्या सगळ्यांचं होतं. झेपलिनला वाटलं, सगळंच गेलं. ते थांबले, आणि ते थांबणंही इमानाचं होतं. इंडियन ओशनने मोजून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की बरंच काही आपल्याकडे आहे. दि हूने हे मोजलंच नाही, नुसती खुर्ची भरली आणि मग नव्या माणसात जुना शोधत बसले. आमच्या परेडच्या तालमीत आम्ही तेच केलं होतं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा त्या खोलीत गेलो. आधी बेसवाल्याला म्हटलं, परवा मी बोललो ते चुकलं, तुझं बरोबर होतं. मग त्यांना या सगळ्या बँडच्या गोष्टी सांगितल्या. काही त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होत्या. मी एकच सुचवलं, की तुमच्या गाण्यांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे गाणं त्याच्याशिवाय उभं राहतं का?

दहा गाणी होती. चारांवर तिघांचं एकमत झालं की ही राहतात. पाच खोडली. दहावं गाणं ड्रम्सनेच सुरू व्हायचं, त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी बेसवाला म्हणाला, हे मी एकट्याने सुरू करीन, ड्रम्सशिवाय.

नवा ड्रमर मिळाला, चोवीस वर्षांचा मुलगा, गडियाहाटकडे राहणारा. माशीमांना विचारलं, त्या म्हणाल्या, याच ड्रम्सवर वाजवू दे, नाहीतर कातडी खराब होईल. आता ड्रमला प्लॅस्टिकचा पडदा असतो, कातडं नसतं, पण कोणी दुरुस्ती केली नाही. चादर काढली. गेलेला ड्रमर चांगला सहा फुटी, हा मुलगा बेताच्या उंचीचा. स्टूल उंच होतं. तो कडेला टेकून, टाचा उचलून वाजवायला लागला, आणि मोठ्या ड्रमचा ठोका नीट बसेना. खोलीतल्या सगळ्यांना कारण दिसत होतं. स्टूलला हात लावायला कोणी धजत नव्हतं, तो मुलगा तर नाहीच.

मी कमांडिंग ऑफिसरच्या आवाजात म्हटलं, "स्टूल नीचे कर."

त्याने बेसवाल्याकडे पाहिलं. बेसवाला उठला, गुडघ्यावर बसला आणि स्वतःच्या हाताने स्क्रू सैल करून स्टूल चार बोटं खाली घेतलं. मग त्या मुलाला म्हणाला, बस, बघ पाय पोचतो का.

पोइला बोइशाखला त्यांनी पाच गाणी वाजवली. ठीक वाजवली. दुसऱ्या गाण्यात एका ठिकाणी बेसवाला थांबला, जुन्या पायाची वाट बघत असावा, आणि मग पुढे निघाला. बँड पुढे चालणार की नाही, हे अजून ठरलेलं नाही. बेसवाल्याने वर्षभराची मुदत मागितली आहे, आणि बाकीच्यांनी ती दिली आहे. शनिवारी मात्र ते जमतात.

तर मित्रांनो, ड्रमर गेल्यावर बँड चालू शकतो का, याचं माझं आजचं उत्तर हे. चालू शकतो, जर उरलेल्यांना त्याची गाणी कुठली आणि आपली कुठली हे सांगता येत असेल, आणि नव्या माणसासाठी स्टूल खाली घ्यायची त्यांची तयारी असेल. ती तयारी नसेल, तर झेपलिनसारखं मानाने थांबावं. त्यातही काही कमीपणा नाही.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेला लागू. तोवर, तुमच्या आसपास एखादी खुर्ची नुकतीच रिकामी झाली असेल, तर ती भरायची घाई करण्याआधी एक यादी जरूर काढा.

जय हिंद.